लोकल कोणाची, तोटा कोणाचा?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन शेजारी तालुके. दोन्हीकडे डोंगर, भातशेती आणि विखुरलेली गावे-पाडे. दोन्हीकडची माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी कल्याण-ठाण्याकडे जातात. पण एक मोठा फरक आहे. शहापूर तालुक्यातून वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी रेल्वे स्थानके ओळीने जातात. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. तिथल्या विद्यार्थ्याला एस. टी. किंवा जीप गाठूनच कल्याणला यावे लागते.

हा फरक का पडला, याचे भूगोलातले उत्तर सोपे आहे. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गाला थळ घाटाच्या पायथ्याशी पोचायचे होते आणि ती वाट शहापूर तालुक्यातून जात होती. पण रूळ पडले म्हणजे गावाला रेल्वे मिळाली, असे होत नाही. खर्डीला गाडी थांबेल का, दिवसातून किती वेळा, शेवटची गाडी रात्री किती वाजता, भाडे किती, हे सगळे कोणीतरी ठरवावे लागते. आणि तिकिटाच्या पैशात गाडीचा खर्च निघत नसेल, तर उरलेला खर्च कोणीतरी सोसावा लागतो. हे 'ठरवणे' आणि 'सोसणे' कागदावर कसे मांडतात, ते या लेखात पाहू. आपल्या दारातली रेल्वे अशाच एका करारातून जन्माला आली होती, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

पाच टक्क्यांची हमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, हे आपण मुलांना शिकवतो. ती गाडी सरकारची नव्हती, हे मात्र सांगायचे बहुधा राहून जाते. ती 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' या लंडनमध्ये स्थापन झालेल्या खासगी कंपनीची होती. लोक तिला जी. आय. पी. म्हणत. १८४९ साली या कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यांशी, करार केला. सुरुवातीचे भांडवल होते ५ लाख पौंड.

करारातल्या मुख्य अटी अशा होत्या. जमीन सरकारने फुकट द्यायची, मुदत ९९ वर्षांची. कंपनीने गुंतवलेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के परताव्याची हमी सरकारची. कमाई त्याहून कमी झाली तर तूट सरकारने भरून द्यायची, आणि जास्त झाली तर वरचा नफा वाटून घ्यायचा. ठरलेली वर्षे उलटल्यावर मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारला राहील. बांधकामावर आणि कारभारावर देखरेखही सरकारची.

५ लाख पौंडांवर ५ टक्के म्हणजे वर्षाला २५ हजार पौंड. गाडी भरून धावो की रिकामी, भागधारकाला एवढी रक्कम मिळणारच. या हमीमुळे इंग्लंडमधल्या माणसांनी दूरच्या, अपरिचित देशातल्या रेल्वेत पैसा घातला आणि मार्ग वेगाने पुढे सरकले. कल्याणला गाडी १८५४ साली आली, वाशिंदला १८५५ मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये. थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत मार्ग जोडला गेला तो १८६५ साली. त्या घाटात ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट चढ आहे. म्हणूनच आजही कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात.

आता या कराराचा दुसरा पैलू पाहा. तोटा झाला तरी परतावा ठरलेला असेल, तर खर्च जपून करण्याचे कारण काय? उलट जितके भांडवल जास्त घालावे, तितकी हमीची रक्कम मोठी. तूट भरली जात होती ती भारतातल्या करदात्यांच्या, मुख्यतः शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या पैशातून. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या हमी पद्धतीवर इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि भारतीय अर्थचिंतकांनीही कडक टीका केली. पुढे १ जुलै १९०० रोजी सरकारने जी. आय. पी. चा मार्ग विकत घेतला. पण गाड्या चालवण्याचे काम नव्या कराराने त्याच कंपनीकडे ठेवले. मार्ग सरकारचा आणि चालवणारी कंपनी, अशी ही व्यवस्था होती. ३० जून १९२५ रोजी तो करार संपला आणि दुसऱ्या दिवसापासून कारभार सरकारने हाती घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली आणि जी. आय. पी. तिच्यात विलीन झाली.

म्हणजे रेल्वे चालवण्याच्या करारांची चर्चा आज जगभर नवी म्हणून होत असली, तरी आसनगाव-कसारा मार्गाने त्यातले दोन प्रकार शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेले आहेत.

करारात काय लिहावे लागते?

आज युरोपातल्या अनेक देशांत शहरांभोवतीच्या आणि ग्रामीण भागातल्या गाड्या करारावर चालतात. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्याने रूळ आणि गाड्या यांचा कारभार वेगळा केला आणि स्थानिक मार्गांवरील सेवेची जबाबदारी प्रांतिक संस्थांवर टाकली. त्यांनी निविदा मागवल्या, तेव्हा १९९० मध्ये एका बस कंपनीने काही मार्गांवरच्या गाड्यांचा ठेका मिळवला. जर्मनीत १९९६ पासून केंद्र सरकार घटक राज्यांना पैसे देते. राज्ये त्या पैशातून आपल्याला हव्या त्या गाड्या 'विकत घेतात'. विकत घेतात म्हणजे डबे विकत घेतात असे नाही. अमुक मार्गावर तासाला एक गाडी, अमुक स्थानकांवर थांबा, एवढी सेवा ते विकत घेतात.

असा करार करताना चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. सेवा नेमकी किती आणि कोणती? खर्च वाढला तर भार कोणावर? प्रवासी घटले तर भार कोणावर? आणि काम नीट झाले की नाही हे मोजायचे कसे? यांतला दुसरा व तिसरा प्रश्न उदाहरणाने चांगला कळतो.

एक काल्पनिक मार्ग

समजा, ३० किलोमीटरचा एक मार्ग आहे. त्यावर दिवसाला १० गाड्या जातात आणि १० येतात. एक गाडी १ किलोमीटर धावली की एक 'गाडी-किलोमीटर' झाला. तेव्हा रोजचे गाडी-किलोमीटर २० × ३० = ६००. वीज, पगार, देखभाल, डब्यांचे भाडे सगळे धरून एका गाडी-किलोमीटरला १,००० रुपये खर्च येतो असे मानू. रोजचा खर्च झाला ६ लाख रुपये. दिवसाला १२,००० प्रवासी आणि सरासरी तिकीट २० रुपये धरले, तर उत्पन्न २ लाख ४० हजार. तूट ३ लाख ६० हजार. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.)

पहिल्या प्रकारच्या करारात शासन चालवणाऱ्या कंपनीला रोज ६ लाख रुपये देते आणि तिकिटांचे सगळे पैसे स्वतः घेते. प्रवासी २५ टक्क्यांनी वाढले, तर उत्पन्न ३ लाख होते आणि शासनाची तूट ६० हजारांनी कमी होते. कंपनीला मात्र काहीच फरक पडत नाही. त्यामुळे तिला गाड्या वेळापत्रकाप्रमाणे चालवण्यात रस असतो, पण तिकीट तपासण्यात किंवा प्रवासी वाढवण्यात नसतो.

दुसऱ्या प्रकारात तिकिटांचे पैसे कंपनी घेते आणि शासन फक्त तूट भरून काढण्यापुरती ठरलेली रक्कम देते. आता प्रवासी वाढले तर कंपनीचा फायदा आणि घटले तर तोटा. कंपनी प्रवाशांची काळजी घेईल, अशी अपेक्षा यामागे असते. पण निविदेत काय होते ते पाहा. समजा, एका कंपनीने '१५,००० प्रवासी येतील' असा आशावादी अंदाज बांधला. उत्पन्न ३ लाख धरून तिने फक्त ३ लाखांची मागणी केली. सावध कंपनीने ३ लाख ६० हजार मागितले. ठेका अर्थातच पहिलीला मिळाला. प्रत्यक्षात प्रवासी आले १२,०००. कंपनीला रोज ६० हजारांचा खड्डा पडू लागला. वर्षभरात ही रक्कम २ कोटींच्या वर जाते. मग कंपनी एक तर खर्चात काटछाट करते किंवा करार सोडून जाते.

हे केवळ कागदावरचे भय नाही. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने रेल्वेसेवा ठेक्याने देण्यास सुरुवात झाली. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या पूर्व किनाऱ्याच्या मुख्य मार्गावर एकामागून एक कंपन्यांनी सरकारला मोठ्या रकमा देऊ करून ठेका मिळवला आणि तो त्यांना पेलला नाही. २००९ आणि २०१८ या दोन्ही वर्षी सरकारला ती सेवा स्वतःकडे घ्यावी लागली. गाडी बंद ठेवता येत नाही, त्यामुळे कंपनी निघून गेली तरी जोखीम अखेर शासनाच्याच पदरात पडते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत प्रवासी जवळजवळ नाहीसे झाले, तेव्हा ब्रिटनने ही ठेका पद्धतच गुंडाळली. २०२४ मध्ये प्रवासी सेवा सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा झाला.

जे मोजाल तेच मिळेल

चौथा प्रश्न मोजमापाचा. शिक्षकांना तो चटकन कळेल. परीक्षेत जे विचारले जाते तेवढेच मुले वाचतात, तसेच करारात जे मोजले जाते तेवढेच नीट केले जाते.

समजा, 'शेवटच्या स्थानकावर गाडी ५ मिनिटांहून उशिरा आली तर दंड' अशी अट घातली. चालवणाऱ्याला दोन पळवाटा लगेच सापडतात. वेळापत्रकातच शेवटच्या दोन स्थानकांदरम्यान १० मिनिटे जादा धरायची, म्हणजे वाटेत कितीही उशीर झाला तरी गाडी 'वेळेवर'. किंवा उशीर झालेली गाडी मधल्या लहान स्थानकांवर न थांबवता पुढे काढायची. शेवटच्या स्थानकावरची नोंद उत्तम दिसते आणि आटगाव-खर्डीसारख्या स्थानकावरचा प्रवासी फलाटावर उभा राहतो. म्हणून चांगल्या करारात वाटेतल्या स्थानकांवरच्या वेळा नोंदतात आणि वगळलेला थांबा हा रद्द झालेल्या गाडीसारखाच मोजतात.

गाडी रद्द झाली तर तिचे पैसे कापतात. आपल्या उदाहरणात दोन गाड्या रद्द झाल्या, तर ६० गाडी-किलोमीटरचे ६० हजार रुपये जातील. वीज वाचते, पण पगार आणि डब्यांचे भाडे चालूच राहते. त्यामुळे गाडी रद्द करणे कंपनीला परवडत नाही.

पण उशीर कोणामुळे झाला, हे कसे ठरवायचे? कल्याण-कसारा मार्गाचेच उदाहरण घ्या. इथे अनेक दशके जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोनच मार्गिकांवरून लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावत आल्या. एका मालगाडीचे इंजिन बिघडले, की मागे लोकल अडकतात. आज रूळ, सिग्नल, मालगाडी आणि लोकल सगळे एकाच रेल्वेचे असल्याने नुकसान एकाच खिशातून जाते. रूळ एकाचा, लोकल दुसऱ्याची, मालगाडी तिसऱ्याची असती, तर प्रत्येक उशिराचे कारण शोधून त्याचा भार कोणावर हे ठरवावे लागले असते. ब्रिटनमध्ये या कामासाठी वेगळी माणसेच नेमलेली असतात. कामाची अशी वाटणी केली की जबाबदारी स्पष्ट होते, पण हिशेब ठेवण्याचा खर्चही वाढतो.

आणखी एक अडचण काळाची. लोकलचा डबा साधारण २५ ते ३० वर्षे चालतो. करार मात्र पुष्कळदा ८ ते १५ वर्षांचा असतो. करार संपल्यावर डब्यांचे काय, या भीतीने कंपनी नवे डबे घेणार नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी डबे शासनाच्या मालकीचे ठेवून ते कंपनीला वापरायला देतात.

आपल्याकडे काय आहे?

आसनगावची लोकल मध्य रेल्वे चालवते. 'इतक्या गाड्या द्या, त्याबद्दल इतके पैसे घ्या' असा करार तिच्यात आणि राज्य शासनात नाही. तूट आहे, पण ती रेल्वेच्या एकूण हिशेबात मुरते. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी वाहतुकीचा तोटा भागवण्याची पद्धत जुनी आहे. रेल्वेने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ मध्ये प्रवाशांना भाड्यात मिळालेली सवलत ५६,९९३ कोटी रुपयांची होती. म्हणजे १०० रुपये खर्चाच्या प्रवासाला सरासरी ५४ रुपये आकारले गेले.

मुंबईच्या मासिक पासात हे आणखी स्पष्ट दिसते. जून २०१४ मध्ये पासाचे दर ३० एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर आधारण्याचे जाहीर झाले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेऊन १५ फेऱ्यांचाच आधार कायम ठेवला गेला. महिन्यात २५ दिवस जा-ये करणारा ५० फेऱ्या करतो आणि १५ फेऱ्यांचे पैसे देतो. म्हणजे तिकिटाच्या ३० टक्के. खर्डीहून ठाण्याला रोज कामाला जाणाऱ्याची नोकरी या ३० टक्क्यांवर टिकून आहे. सवलत योग्यच आहे. पण ती किती आणि कोणासाठी, हे कोठेच स्वतंत्रपणे लिहिलेले नसल्याने, 'एवढे पैसे आम्ही देतो, मग एवढी सेवा मिळालीच पाहिजे' असे म्हणण्याची सोयही राहत नाही.

राज्य शासनाचा सहभाग आहे तो मुख्यतः बांधकामात. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के. या महामंडळाच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या टप्प्यात कल्याण ते आसनगाव चौथ्या मार्गिकेचा समावेश आहे. मात्र मार्गिका झाल्यावर तिच्यावरून किती लोकल आणि किती मालगाड्या जातील, हे रेल्वेच ठरवणार.

खासगी गाड्यांचाही प्रयत्न झाला. जुलै २०२० मध्ये रेल्वेने १५१ गाड्या खासगी कंपन्यांनी चालवाव्यात म्हणून प्रस्ताव मागवले. पुढच्या वर्षी निविदा उघडल्या तेव्हा दोनच बोलीदार पुढे आले आणि ती योजना बारगळली. भाड्याचे उत्पन्न किती येईल याची जोखीम घ्यायला कोणी फारसे तयार नव्हते, हे आपल्या काल्पनिक उदाहरणावरून समजू शकेल.

एस. टी. तला धडा

विशेष म्हणजे सेवा करारावर घेण्याचा नमुना मुरबाडच्या माणसाला रेल्वेवाचूनही पाहता येतो. एस. टी. महामंडळ काही बसगाड्या भाडेतत्त्वावर घेते. गाडी ठेकेदाराची, चालकही त्याचा. वाहक आणि तिकिटाचे पैसे महामंडळाचे. ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. वर पाहिलेला पहिला प्रकार तो हाच.

सवलतींचेही तसेच. विद्यार्थ्यांचा पास, ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, या सवलतींची रक्कम राज्य शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. इथे 'ही सवलत इतक्या रुपयांची' असा हिशेब मांडला जातो. तो वेळेवर चुकता झाला नाही, तर महामंडळाकडे डिझेलला आणि पगाराला पैसे उरत नाहीत आणि फेऱ्या कमी होतात. पहिली फेरी कमी होते ती बहुधा आडगावची. करार कितीही चांगला असला, तरी पैसे देणाऱ्याने ते वेळेवर दिले तरच तो उपयोगी पडतो.

मुरबाडसाठी प्रश्न

कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी फार जुनी आहे. निम्मा खर्च केंद्राने आणि निम्मा राज्याने उचलायचा, या तत्त्वावर हा प्रकल्प पुढे आला आहे. अशा निम्म्या-निम्म्या वाटणीत रूळ, पूल आणि स्थानके यांचा खर्च येतो. मार्ग सुरू झाल्यावर सकाळी कॉलेजच्या वेळेला गाडी असेल का, रात्री कामावरून परतणाऱ्याला शेवटची गाडी मिळेल का, हे त्या वाटणीत येत नाही. दिवसाला दोन गाड्या धावल्या तरी 'मुरबाडला रेल्वे आली' असे म्हणता येईल. पण मुलीला रोजच्या रोज घरून कॉलेजला पाठवायचे की नाही, हे तिचे पालक शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठरवतात. तेव्हा मार्गाची मागणी करताना गाड्यांची संख्या, थांबे, पहिली-शेवटची वेळ आणि रोजची तूट कोण भरणार, हेही आत्ताच विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

वर्गासाठी उपक्रम

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हा अभ्यास सहज करून घेता येईल. जवळच्या रेल्वे स्थानकावर किंवा एस. टी. थांब्यावर मुलांच्या जोड्यांनी आठवडाभर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नोंदी ठेवाव्यात. गाडीची वेळापत्रकातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, रद्द झालेल्या गाड्या, चढलेले आणि उतरलेले प्रवासी एवढे चार रकाने पुरेत. फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहूनच नोंदी करायच्या, हे मुलांना आधी बजावावे.

मग वर्गात सरासरी उशीर काढावा. '५ मिनिटांपर्यंत चालेल' असा नियम लावून किती टक्के गाड्या वेळेवर ठरतात ते पाहावे. तोच नियम १० मिनिटांचा केला तर टक्केवारी कशी बदलते, तेही पाहावे. शेवटी वर्गाचे तीन गट करावेत: पैसे देणारे शासन, गाडी चालवणारी कंपनी आणि प्रवासी. तिघांनी मिळून एका पानाचा करार लिहावा आणि मग प्रत्येक गटाने इतरांच्या अटींतल्या पळवाटा शोधाव्यात. नागरिकशास्त्र, गणित आणि मराठी लेखन या तिन्ही विषयांच्या तासिका त्यात सत्कारणी लागतील.